फोटोग्राफीची पदवी : चार वर्षांत काय मिळालं, काय नाही

हायपो (धागाकर्ती)

महिन्याभरात तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच विचारलं, बारावीनंतर फोटोग्राफीत डिग्री करावी का. तिघांना तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी माझ्याविषयी. बार्शीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. आजोबांनी १९६२ साली सुरू केला, आता बाबा बघतात. पासपोर्ट, आयकार्ड, लग्नाच्या ऑर्डरी आणि माणूस गेल्यावर भिंतीवर लावायचे मोठे फोटो. शाळेतून आलं की काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो कापायचे, हे माझं लहानपण. त्यामुळे पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात चार वर्षांच्या डिग्रीला प्रवेश घेतला तेव्हा सगळ्या नातेवाइकांचा प्रश्न होता, घरात दुकान असताना पैसे भरून काय शिकायचं? प्रश्न रास्त होता. फीसाठी बाबांनी रस्त्यालगतचा प्लॉट विकला होता. चारही वर्षं ते माझ्या डोक्यात होतं.

पहिल्या सत्रात डिजिटल कॅमेरा वापरायलाच बंदी होती. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, आयएसओ ४००, एका रोलमध्ये ३६ फोटो, आठवड्याला एकच रोल. रोल स्वतः धुवायचा. डेव्हलपरचं, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनाचं, तापमान २० अंश हवं, आणि पुण्यात एप्रिलमध्ये नळाचं पाणी तिशीच्या घरात. बाजारातून बर्फ आणायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाटलीभोवती ठेवायचा, थर्मामीटर बुडवून बसायचं. वीसवर आलं की साडेसात मिनिटं, दर मिनिटाला पहिली दहा सेकंद टाकी हलवायची. माझा तिसरा रोल रिळावर चढवताना हाताला घाम होता, अंधारात कळलं नाही, फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले. धुतल्यावर आठ फोटोंवर ढगासारखे डाग. त्यात आईचा एक फोटो होता. ती चुलीपाशी बसून अचानक हसली होती, तेवढ्यात काढलेला. तो परत मिळणार नव्हता. त्या दिवसापासून शटर दाबण्याआधी मी थांबायला लागले, ते आजतागायत.

प्रिंटिंगही हातानेच. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र. त्याखाली कागदावर उजेड पाडायचा, कागद रसायनाच्या ट्रेमध्ये टाकून हळूहळू हलवायचा. पंधरा-वीस सेकंदांनी आधी सर्वांत काळ्या जागा दिसतात, म्हणजे केस, डोळ्यांची बुबुळं. मग चेहरा येतो. कितीही वेळा बघितलं तरी त्या क्षणी खोलीतलं बोलणं बंद व्हायचं.

बाबांना हे सगळं येत होतं. पहिल्या सुट्टीत मी त्यांना अभिमानाने सांगायला गेले, तर त्यांनी माळ्यावरून तांबूस डाग पडलेले तीन ट्रे काढून दाखवले. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' कागदाची रिकामी पाकिटंही होती. मी डिग्रीत शिकत होते ते आमच्या घरात चाळीस वर्षं पोटापाण्यासाठी चाललेलं होतं. मला तोवर विचारावंसंच वाटलं नव्हतं.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. विचारा.

पावसाळी

फार मनापासून लिहिलंयस गं. आईच्या फोटोचं वाचून गलबललं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अकोटकर

धाग्याबद्दल आभार. माझा मुलगा बारावी सायन्सला आहे आणि हेच म्हणतोय. एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. एवढे मोठे फोटोग्राफर रघु राय सिव्हिल इंजिनीअरिंग शिकलेले. गौतम राजाध्यक्ष मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात रसायनशास्त्राचे. दोघांकडेही ही डिग्री नव्हती. आता तर सगळं मोबाइलवर फुकट शिकायला मिळतं. मग चार वर्षं आणि एवढे पैसे कशासाठी?

हायपो

काका, राग कशाला. आमच्या घरीही हेच बोलणं झालं होतं.

तुम्ही दिलेली दोन्ही नावं खरी आहेत. दुसऱ्या बाजूला फोटोग्राफर होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, दयानिता सिंग अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) आणि पुढे न्यूयॉर्कला. नावं दोन्हीकडे सापडतात. आणि राजाध्यक्षांना लिंटाससारख्या जाहिरात संस्थेत रोज जाणकारांच्या नजरेखाली काम करायला मिळालं. तशी जागा मिळत असेल तर डिग्री नको, असंच मी म्हणेन. बार्शीत ती मला मिळणार नव्हती.

कॅमेरा चालवणं मोबाइलवर शिकता येतं, हे अगदी खरं. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो, हे बाबांना पुस्तकाशिवाय माहीत होतं. डिग्रीत मिळाली ती भिंत. सांगते.

दर बुधवारी सॉफ्टबोर्डवर प्रिंट टाचायच्या. ज्याचं काम आहे त्याने पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी जे दिसतंय ते बोलायचं. दुसऱ्या वर्षी मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमालांचे फोटो काढत होते. दोन महिने पहाटे चारला उठून जात होते. सहाशेच्या वर फोटो झाले. त्यातले वीस लावले. माझ्या मते उत्कृष्ट: धुळीतून येणारे उन्हाचे पट्टे, वाकलेली पाठ, घामाने चमकणारा खांदा. वर्गाला आवडले. मॅडम बराच वेळ बघत होत्या. मग एका फोटोकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे पोतं किती किलोचं आहे?"

मला माहीत नव्हतं.

"ह्यांचं नाव?" तेही माहीत नव्हतं. त्यांनी उन्हाच्या पट्ट्यांचे सगळे फोटो काढून टेबलावर पालथे ठेवले. भिंतीवर तीन उरले. म्हणाल्या, पुढचे पंधरा दिवस कॅमेरा इथे ठेवून जा.

मी खोलीवर येऊन रडले. पण गेले. कॅमेरा नसताना हातांचं काय करायचं हेच कळेना, म्हणून एका मुकादमांशेजारी बसून पावत्या लावायला लागले. पोतं पन्नास किलोचं, पूर्वी क्विंटलभराचं असायचं. मानेवर पोतं घेताना डोकं कुठल्या बाजूला वळवायचं हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं, आणि वीस वर्षांनी मान त्याच बाजूला राहते. हमालांच्या संघटनेच्या, हमाल पंचायतीच्या, 'कष्टाची भाकर' या जेवणाच्या केंद्रात जेवायला लागले, तिथे मग लोकच बोलायला लागले. पंधरा दिवसांनी कॅमेरा परत मिळाल्यावर मी माना काढल्या. फक्त माना, मागून, सावलीत, साध्या उजेडात. बारा फोटो. ते आजही माझ्या कामात पहिल्या पानावर असतात.

असं विचारणारं माणूस फुकट मिळत नाही काका. मला तरी मिळालं नव्हतं. घरचे "छान आलाय" म्हणतात, इन्स्टावर लोक बदाम देतात. पोत्याचं वजन कोणी विचारत नाही.

तिसरी_घंटा

मानांचा भाग वाचून माझाच हात मानेकडे गेला.

मी स्वतः उपयोजित कलेतली. ज्यांना खासगी फी झेपत नाही त्यांच्यासाठी भर घालते: सरकारी कला महाविद्यालयांत बीएफए (ललित कला पदवी) उपयोजित कला हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात पुढच्या टप्प्यावर फोटोग्राफी हा विषय घेता येतो. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. फी खासगीच्या मानाने खूपच कमी. मात्र पहिली वर्षं चित्रकला, अक्षरलेखन, डिझाइन यांची असतात, ज्याला फक्त कॅमेराच हवा त्याचा धीर सुटतो. माझ्या मते ती वर्षं फुकट जात नाहीत, हाताने काढलेल्या रेषेने नजरेला वळण लागतं. आणि पदवी दुसऱ्या विषयात करून मग एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनमध्ये मास्टर्स, असाही रस्ता आहे.

अकोटकर

तिसरी_घंटा, ही माहिती फार उपयोगी. मुलाला दाखवली.

हायपो, पोत्याच्या वजनाचं पटलं. आता दुसरी बाजूही सांगा. काय मिळालं नाही?

हायपो

तेही लिहायलाच हवं.

पैशांविषयी काहीच शिकवलं नाही. अभ्यासक्रमात 'व्यवसाय' नावाचा विषय होता, त्याला नेमलेले बाहेरचे शिक्षक तीनदा बदलले, शेवटी एक दिवसाचं शिबिर घेऊन मार्क दिले गेले. कोटेशन कसं द्यायचं, आगाऊ किती घ्यायचं, जीएसटी, करार, यातलं काही मला डिग्री संपली तेव्हा येत नव्हतं. बाबांना सगळं येत होतं. ऑर्डर घेताना निम्मे पैसे, लग्नाच्या दिवशी पाव, अल्बम देताना पाव. कागदावर नाही, पण चाळीस वर्षांत फारसे बुडाले नाहीत.

त्याची किंमत मी मोजली. डिग्रीनंतरच्या पहिल्याच कामात एका कंपनीसाठी कारखान्याचे फोटो काढले, करार केला नाही. सहा महिन्यांनी तेच फोटो त्यांच्या दुसऱ्याच जाहिरातीत, मोठ्या फलकांवर. मी जादा पैसे मागितले तर त्यांनी कायद्यावर बोट ठेवलं. आणि ते बरोबर होते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. हे एक वाक्य चार वर्षांत कोणी फळ्यावर लिहिलं असतं तर माझे पैसे वाचले असते. जे कोणी शिकताहेत त्यांनी हे आजच वहीत लिहून ठेवा.

दुसरं इंग्रजी. माझं शिक्षण मराठी माध्यमात. थिअरीच्या पहिल्या निबंधाची चार पानं वाचायला मला दोन रात्री लागल्या, आणि वर्गातल्या मुली त्यावर सहज बोलत होत्या. पहिलं वर्षभर मी वर्गात जवळपास गप्प होते. इतिहासाच्या सरांनी एकदा बोलावून सांगितलं, निबंध आधी मराठीत लिही, मी मराठीतच वाचून चर्चा करीन, मग आपण इंग्रजी करू. ते बोलावणं आलं नसतं तर मी दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून घरी परत आले असते. त्यांच्याच तासाला पहिल्यांदा कळलं की मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर होते. पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली १८३९ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षांत मराठी माणसाच्या हातात कॅमेरा होता. मला हे कळल्यावर वर्गात बसायची पद्धतच बदलली. परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटेनासं झालं.

कलम_आणि_कागद

वकिली करतो म्हणून थोडी पुस्ती. कलम १७ चा अर्थ बरोबर सांगितला आहे. मालकी ग्राहकाकडे गेली तरी फोटोचा कर्ता फोटो काढणाराच राहतो, आणि आपल्या कामाचं कर्तेपण सांगण्याचा हक्क कलम ५७ खाली त्याच्याकडेच असतो. 'वेगळा करार' म्हणजे भलंमोठं दस्त नको. फोटो कुठे, किती काळ वापरायचे हे ईमेलवर लिहून समोरच्याचा होकार काम सुरू होण्याआधी घेतला तरी हातात काहीतरी राहतं.

हायपो

मनापासून आभार. आता मी प्रत्येक कामाआधी अशीच मेल पाठवते.

पावसाळी

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काय केलास? आणि बाबांना शेवटी पटलं का?

हायपो

हे लिहायला वेळ लागला, कारण नीट लिहायचं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत माळा आवरताना आजोबांच्या निगेटिव्हचे खोके सापडले. साठ आणि सत्तरच्या दशकातले, प्रत्येक पाकिटावर नंबर, आणि नंबराप्रमाणे नाव-गाव लिहिलेली खतावणी. एक निगेटिव्ह उचलून खिडकीशी तिरपी धरली तर चेहऱ्यावर काहीतरी चमकलं. बारीक, आडव्याउभ्या रेघांची जाळी. शिसपेन्सिल होती ती.

बाबांनी सांगितलं. तेव्हा रिटचिंग, म्हणजे चेहऱ्यावरचे दोष झाकणं, निगेटिव्हवरच व्हायचं. आधी चेहऱ्याच्या भागावर एक पातळ औषध चोळायचं म्हणजे पेन्सिल धरते. मग कठीण शिसाची पेन्सिल पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी करायची, उतरत्या मेजावर दुधी काच, खाली आरसा, आरशातून खिडकीचा उजेड. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथून उजेड कमी जातो, म्हणून प्रिंटमध्ये ती जागा गोरी होते. सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं अशीच जायची. आणि आमच्या भागात सगळ्यांत जास्त काम होतं ते देवीच्या व्रणांचं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. त्याआधीच्या आजोबांच्या खोक्यांत असे किती चेहरे होते. एकेक व्रण पेन्सिलने भरलेला. बाबा म्हणाले, एका चेहऱ्याला कधी कधी पूर्ण दुपार जायची.

मी ठरवलं, प्रोजेक्ट हाच. निगेटिव्हवर बाजूने उजेड टाकून फोटो काढायचे, म्हणजे पेन्सिलही दिसेल आणि पेन्सिलीखालचे व्रणही. पहिले पाच प्रिंट भिंतीवर लावले. सगळे स्तब्ध. मला वाटलं, जिंकलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "यांनी जे लपवायला पैसे दिले होते, ते तू दाखवते आहेस. त्यांना विचारलंस?"

खतावणी घेऊन मी घरोघर गेले. बार्शी, वैराग, आजूबाजूची गावं. बरीच माणसं गेलेली, त्यांच्या मुलांना भेटले. सव्वीस घरं सापडली. अकरांनी हो म्हटलं, काहींनी आनंदाने. एकांनी तर वडलांचे व्रण बोटाने चाचपून "हे असेच होते हो, असेच," असं दोनदा म्हटलं.

एक आजी होत्या. १९६८ साली स्थळासाठी काढलेला त्यांचा फोटो. मी दोन्ही प्रिंट नेल्या होत्या, आजोबांची गुळगुळीत आणि माझी. त्यांनी चष्मा लावून माझी बघितली, बराच वेळ. मग ती उलटी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही नको बाळ. तीच लाव. तिचे जादा पैसे दिले होते माझ्या वडलांनी."

प्रोजेक्टमधला सगळ्यांत ताकदीचा चेहरा त्यांचा होता. मी तो लावला नाही. त्यांच्या जागी त्या पाकिटाचा फोटो लावला. नाव झाकलेलं, फक्त नंबर आणि कोपऱ्यात आजोबांच्या अक्षरात 'रि. ज्यादा'. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच विचारलं, आणि मी मराठीतून उत्तरं दिली.

चार वर्षांपूर्वीच्या मीने तो चेहरा बेधडक लावला असता. एवढं मला नक्की माहीत आहे.

बाबा प्रदर्शनाला आले होते. आल्या आल्या काही बोलले नाहीत. तासाभराने बघते तर भिंतीपाशी आठ-दहा पोरं जमलेली, आणि बाबा खिशातल्या पेनने पेन्सिलीला टोक कसं काढायचं ते दाखवत होते. पटलं का, हे मी त्यांना विचारलं नाही. आता दुकानात लग्नाच्या ऑर्डरी दोघं मिळून करतो. महिन्यातला एक आठवडा मी माझ्या कामासाठी पुण्यात असते, तो त्यांनीच ठरवून दिलाय.

तिसरी_घंटा

'रि. ज्यादा' वाचून अंगावर काटा आला. धागा वाचनखुणांत साठवला.

अकोटकर

मुलाने पूर्ण धागा वाचला. मला म्हणाला, "बाबा, आधी वर्षभर आपल्या गावच्या फोटोवाल्यांकडे काम करतो, मग सीईटी देतो." मी हो म्हटलं.

शटरबंद

उशिरा आलो. माझ्या वडलांचा सांगोल्याला स्टुडिओ होता, बंद होऊन वीस वर्षं झाली. निगेटिव्हचे चार पत्र्याचे डबे घरात आहेत. भाऊ भंगारात द्या म्हणतोय. ते ठेवायचे कसे?

हायपो

दादा, भंगारात अजिबात देऊ नका. घाईही करू नका.

डबे एकेक करून उघडा, सावलीत, पंखा बंद ठेवून. उघडल्या उघडल्या वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म सडायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, कारण एकीचा आंबटपणा दुसरीला लागतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका. आम्लमुक्त कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम, एका पाकिटात एकच निगेटिव्ह. बोटं फक्त कडेला लावा. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, पेन्सिल असेल तर ती निघून जाईल. माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी असते. जमिनीलगतच्या कपाटात ठेवा, पण ओल नसलेल्या.

आणि डब्यांबरोबर वही किंवा खतावणी असेल तर ती आधी शोधा. नावं त्यात असतात. सापडली की इथे कळवा, दिवाळीनंतर मी स्कॅनर घेऊन सांगोल्याला येते.